चार्ज दिला की बोलायचं नाही

काचा घासणाऱ्या मामांना गल्लीतले सगळेच मामा म्हणत. खरे तर ते एकाच मुलीचे मामा होते. पण ती मुलगी त्यांच्याच चष्म्याच्या दुकानात पुढच्या काउंटरवर बसायची आणि दिवसातून इतक्या वेळा मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, की फ्रेम निवडायला आलेली गिऱ्हाइकेसुद्धा निघताना "येतो मामा" म्हणून जात. मामांनी लग्न केले नव्हते. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे, खाली काम करायचे आणि रविवारी थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्कांकडे, जेवायला जायचे, असा त्यांचा आठवडा होता.

मागच्या खोलीत घासायचे चाक होते. चाकावर पाण्याची बारीक धार, समोर दिवा आणि खिडकीपाशी एक स्टूल. नंबर बघून काचेवर शाईचे तीन ठिपके द्यायचे, फ्रेमच्या मापाने काच आखायची आणि चाकावर धरून कड फिरवत आणायची. बाकीच्या दुकानांत हे काम केव्हाच मशीनवर गेले होते. मामा हातानेच करत. काच चाकाला लागल्यावर जो आवाज येतो, त्यावरून किती उरली ते त्यांना कळे.

भाची हे काम शिकली होती आणि चांगले करत होती. पण मध्येच काही अडले आणि तिने विचारले, की ही कड एवढीच ठेवू का, तर मामा हातातले टाकून उठत. "सरक जरा" म्हणत, स्टुलावर बसत आणि काच पुरी करूनच तिच्या हातात देत. तिला उत्तर मिळत नसे, काच मिळे. हळूहळू तिने विचारणे सोडून दिले. मामांनी त्याचा अर्थ असा घेतला, की पोरगी आता तयार झाली.

एक नवे, जास्त बारीक घासणारे चाक मामांनी हौसेने आणले होते. ते खणात कुलपात पडून होते. वापरले की झिजते, असे त्यांचे म्हणणे. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असे आणि शर्ट बदलला की ती आधी नव्या शर्टात जाई.

खेळाची सुरुवात आक्कांच्या गुडघ्यामुळे झाली. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर आक्का घरात अडकून पडल्या आणि दिसेल त्याला बोलू लागल्या. तेव्हा त्यांच्या लेकीने, म्हणजे याच भाचीने, जेवणाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये एक खेळ घालून दिला. डोंगराच्या पोटात माणसांची एक वसाहत वसवायची. त्यांना खायला, प्यायला, निजायला द्यायचे, कामे लावायची, बाहेरच्या जनावरांपासून जपायचे. ऐकायला सोपे. पण त्यातल्या प्रत्येक माणसाला स्वतःचे डोके होते. कुणाचे शेजाऱ्याशी पटत नसे, कुणाची खाट सुतारशाळेजवळ आली म्हणून तो आठवडाभर तोंड पाडून फिरे. डोंगराला खाली खाली मजले होते आणि कुठल्या मजल्यावर काय बिनसले आहे ते शोधण्यातच अर्धा दिवस जाई.

आक्कांच्या मदतीला दाजी बसले, मग भाची, मग मामा. चार डोक्यांची चार मते झाली आणि वसाहत दोनदा बुडाली. तेव्हा दाजींनी तोड काढली. दाजी, म्हणजे आक्कांचे यजमान, रस्त्यांच्या मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ऑफिसची पद्धत आणली. वसाहतीतले एक वर्ष एकाचा कारभार, मग दुसऱ्याचा. आक्का, मामा, भाची, दाजी, असा क्रम. कारभार सोडताना पुढच्याला रीतसर चार्ज द्यायचा, म्हणजे चहा घेत घेत कुठे काय आहे ते सगळे सांगायचे.

पण मामांना चार्ज देऊनही सोडवत नसे. भाचीच्या कारभारात ते तिच्या खुर्चीमागे उभे राहत आणि बोट पडद्याला टेकवून "इथे दार कशाला, तिथे कर" म्हणत. एका रविवारी ती उठून गच्चीवर निघून गेली आणि पुढचे काही रविवार कॉम्प्युटरवरचे झाकण कुणी काढले नाही. मग नियम झाला. चार्ज दिला की बोलायचं नाही. कारभाऱ्याने विचारले, तर विचारले तेवढेच सांगायचे. न विचारता बोलला, तर त्याची पुढची पाळी गेली. आक्कांनी त्यात भर घातली, की उसासाही बोलण्यातच धरायचा, कारण आमच्या भावाचा उसासा शेजारच्या घरात ऐकू जातो.

नियमानंतर खेळ बरा चालला. आक्कांच्या कारभारात माणसे खाऊन-पिऊन गुबगुबीत होत आणि कोठार रिकामे होई. दाजी सरळ रेषेत रस्ते खणत. रस्ता सरळ असला की त्यावरून कोण कुठे चालला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. भाची एकेका माणसावर टिचकी मारून त्याचे काय दुखते ते वाचत बसे. चौघांनी आपापल्या नावाचा एकेक माणूस वसाहतीत ठेवला होता. मामांच्या नावाच्या माणसाचा स्वभाव खेळानेच ठरवून दिला होता: कामात तरबेज, मित्र नाहीत. हे वाचून आक्का इतक्या हसल्या होत्या, की त्यांना गुडघा धरून बसावे लागले होते.

या खेपेला आक्कांकडून चार्ज घेतला तेव्हा मामांना कोठारात जवळजवळ काहीच सापडले नाही. त्यांनी वर्षभर माणसांना शेतावर राबवले, धान्य जमवले आणि त्यातला मोठा वाटा खालच्या मजल्यावर एका खोलीत ठेवून खोली दगडाने चिणून टाकली. दार नाही, खिडकी नाही. शिवाय त्या खोलीच्या उत्तरेला लागून त्यांनी नदीपासून एक कालवा आणून ठेवला. पुढच्या पाळीत त्यांना वसाहतीत काचेचा कारखाना काढायचा होता. वसाहतीत आजवर काच झालेली नव्हती आणि ती आपल्याच हातून व्हावी, असे त्यांच्या मनात कधीपासून होते.

भाचीला चार्ज देताना त्यांनी शेते सांगितली, पहारे सांगितले, भांडणारे दोन सुतार सांगितले. चिणलेली खोली आणि कालवा सांगितला नाही. अडीनडीसाठी ठेवले आहे, अडचण आली की ती विचारेल, तेव्हा सांगू, असे ते स्वतःशी म्हणाले. अडचणीच्या वेळी आपल्याला विचारले जावे, ही इच्छा त्यात किती होती, याचा हिशोब त्यांनी केला नाही.

त्याच सुमारास एकदा आक्कांनी त्यांना स्वयंपाकघरात गाठले. चौकातल्या मोठ्या दुकानाने पोरीला बोलावले आहे, असे त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. ती तुला सांगणार नाही, मला सांगितले, आणि मी तुला सांगितले हे तिला कळता कामा नये.

मामा म्हणाले, की तिथे काचा मशीन कापते, तिथे हिला काय काम.

"मशीन तिच्या हाताखाली देणार आहेत," आक्का म्हणाल्या. "तुझ्याकडे काय आहे रे तिच्या हाताखाली?"

मामांनी पुसलेला एक पेला उचलून पुन्हा पुसला. दुकान तिच्याशिवाय चालेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. संध्याकाळी शटर ओढताना मागून "मामा, दिवा राहिला" अशी हाक येणार नाही, एवढेच आले, आणि तेवढे पुरे होते. पण बोलायचे कसे? आक्कांनी तोंड बांधून ठेवले होते.

भाचीचा कारभार हिवाळ्यापर्यंत सुरळीत चालला. पडद्याच्या कोपऱ्यात खेळ वसाहतीतल्या एकूण धान्याचा आकडा दाखवी. तो आकडा भरभक्कम होता. भाचीने तो बघून काही माणसे शेतावरून काढली आणि लहान मुलांसाठी खोल्या खणायला लावली. तिला कसे कळावे, की त्या आकड्यातला बहुतेक भाग दगडामागे बंद होता?

त्या रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर चौघे टेबलाभोवती बसले आणि वसाहतीत बर्फ पडू लागले. नदी गोठली, शिकार मिळेना. थोड्याच वेळात एक दगडफोड्या भुकेने कोसळला. भाचीने खेळ थांबवला, आकडा बघितला, पुन्हा चालू केला. आणखी एक बाई कोसळली.

"अगं, धान्य आहे म्हणतेस ना?" आक्का म्हणाल्या.

"दिसतंय तर आहे."

"मग खात का नाहीत मेले?"

आक्कांना बोलायची बंदी लागू होती की नाही, यावर दाजी विचार करू लागले. त्यांचे मत पडले, की कारभाऱ्याची आई काळजीने बोलली तर ते बोलणे धरू नये. मामा खुर्चीत सरळ बसून होते. त्यांनी दोन्ही हातांत कप धरला होता आणि तो केव्हाच रिकामा झाला होता. भाचीने नुसती मान वळवून विचारायचे होते. ती वळवत नव्हती.

तिने कोठारे तपासली. रिकामी. पहाऱ्यावरच्यांना मासे धरायला पाठवले, ते गोठलेल्या नदीवरून परत आले. आक्कांच्या नावाची बाई खाटेवर आडवी झाली आणि पडद्यावर ओळ आली, की ती अत्यंत दुःखी आहे. "मला मारतेस आता," आक्का म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. मामांच्या नावाचा माणूस एकटाच आपल्या कामाच्या जागी बसून होता. त्याला कुणी खायला नेऊन देणारे नव्हते. मित्र नव्हते ना.

मामांना उसासा आला. तो त्यांनी खोकल्यात घालवला.

मग भाचीने डोंगराचा एकेक मजला उघडून बघायला सुरुवात केली. बराच वेळ ती खाली खाली जात राहिली. एका मजल्यावर थांबली. तिथे दगडात एक चौकोन होता, चारही बाजूंनी बंद, त्याला कुठूनच वाट नव्हती. तिने त्यावर बोट ठेवले. मामांकडे बघितले नाही. बोट तसेच ठेवून पडद्याकडे बघतच ती म्हणाली, "मामा, याच्या आत काय आहे?"

"धान्य," मामा म्हणाले.

ती थांबली. पुढचे येणार म्हणून तिची खुर्ची थोडी मागे सरकलीसुद्धा, सवयीने. मामा उठले नाहीत. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"उघडू?"

"कारभार तुझा आहे."

भाचीने खुर्ची पुन्हा पुढे घेतली. माणसे चौकोनाच्या उत्तरेकडच्या खोल्यांत पडली होती. तिकडूनच भिंत फोडली तर धान्य त्यांच्या उशाशी येणार होते. तिने उत्तरेच्या भिंतीवर खूण केली आणि खेळ चालू केला. त्यातल्या त्यात अंगात बळ असलेला एक खणणारा कुदळ उचलून निघाला.

उत्तरेच्या भिंतीला लागून मामांचा कालवा होता. वरून तो साधा दगडच दिसत होता, कारण मामांनी त्यावर छप्पर घातले होते, उघडा कालवा त्यांच्या डोळ्यांना गबाळा वाटला म्हणून. भिंतीपाशी जाण्यासाठी खणणाऱ्याला ते छप्परच फोडावे लागणार होते. मग पाणी आधी त्याच्यावर, नंतर धान्यावर, नंतर खाटांवरच्या माणसांवर येणार होते.

हे तिने विचारले नव्हते. विचारणार कसे, तिला पाणी आहे हेच माहीत नव्हते. खणणारा दाजींच्या सरळ रस्त्याने चालत होता. मामांना पुढची पाळी दिसत होती: वाळू, भट्टी, पहिली काच. आणि त्यापेक्षाही हे दिसत होते, की आज न विचारता तोंड उघडले, तर पोरगी म्हणेल, झाले, परत सुरू. महिनाअखेर आठवड्यावर आली होती. गप्प बसलो तर निदान नियम पाळला असे होईल. खणणारा रस्त्याच्या टोकाला पोचला. वळला. त्याने कुदळ उगारली.

"त्या बाजूला पाणी आहे," मामा म्हणाले.

भाचीने खेळ थांबवला. दाजींनी घसा साफ केला. "गेली याची पाळी," आक्का हळूच म्हणाल्या.

"किती पाणी?" भाचीने विचारले.

"कालवा भरून."

"दक्षिणेकडून गेलं तर?"

"कोरडं आहे."

"पण लांब पडेल."

हा प्रश्न नव्हता, म्हणून मामांनी उत्तर दिले नाही. हात अजून मांड्यांखालीच होते आणि त्यांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. त्यांना स्वतःला तिसरा उपाय माहीत होता, वरच्या मजल्यावरून जिना खणायचा. तो त्यांनी गिळला.

भाची दक्षिणेकडून गेली. लांब पडलेच. तोवर एक म्हातारा आणि भांडणाऱ्या सुतारांपैकी एक भुकेने गेला. बाकीच्यांपर्यंत धान्य पोचले. आक्का उठून बसल्या, म्हणजे पडद्यावरच्या. त्यांनी धान्य हाती येताच सगळ्यांत आधी दारू गाळायला घेतली, आणि खऱ्या आक्कांना आपल्या नावाच्या बाईचा अभिमान वाटला. मामांच्या नावाच्या माणसाला भाचीने एका पोराकरवी जेवण पाठवले.

मग ती खुर्ची वळवून बसली. "चार्ज देताना हे का नाही सांगितलंत?"

"अडलं की विचारशील असं वाटलं."

"मी विचारत नाही, मामा. विचारलं की खुर्ची जाते."

ती रागाने म्हणाली नाही. रस्ता कुठे वळतो ते सांगावे तसे म्हणाली. मामा तिच्या खुर्चीकडे बघत राहिले. दाजींनी विषय पुढे नेला, की धान्याचे समजले, पण तिथे पाणी कशाला आणून ठेवले होते?

"काचेच्या कारखान्याला," मामा म्हणाले. "काच घासायची तर पाणी नको?"

भाची आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. "अहो, या खेळात काच घासत नाहीत. वाळू आणायची, भट्टीत घालायची. झाली काच."

"पाण्याशिवाय?"

"पाण्याशिवाय."

"आणि कड?"

"कड नाहीच मामा."

मामांना हे पटायला वेळ लागला. वर्षभर खपून त्यांनी नदी आणली होती, ती कुणी मागितलेली नव्हती.

आता पाळीचा प्रश्न उरला. आक्कांचे म्हणणे, की त्याने माणसे वाचवली, सोडून द्या. दाजी म्हणाले, की चांगल्या कारणासाठी मोडला म्हणून नियम मोडला नाही असे होत नाही; पण कारभारी भाची आहे, तिने ठरवावे. मामा तिच्याकडे न बघता टेबलावरचे बिस्किटाचे चुरे बोटाने गोळा करत होते.

"नियम आहे," भाची म्हणाली. "मामांची पाळी गेली."

मामांनी मान हलवली आणि चुऱ्याची चिमूट बशीत टाकली. त्यांना वाईट वाटले, आणि तिने नियम मोडला असता तर जास्त वाटले असते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मामांनी खिशातून किल्ली काढून खण उघडला, नवे चाक कागदातून सोडवले आणि मागच्या खोलीत स्टुलावर ठेवले. मग स्वतः पुढच्या काउंटरवर येऊन बसले, जिथे ते कधी बसत नसत. भाची आली, तिने चाक बघितले, काउंटरवरच्या मामांना बघितले आणि पर्स अडकवून मागे गेली. किल्ली खणालाच लटकत होती.

जुने चाक सोडवल्याचा आवाज आला. नवे बसल्याचा आला. पाणी सुरू झाले. मामा एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होते, पण कान मागे होते. काच चाकाला लागली, आवाज थोडा चढा होता.

"मामा, हे जरा थरथरतंय. काय करू?"

मामांचे पाय उठले. गुडघे सरळ होईपर्यंत गेले आणि तिथून परत बसले. "मागचा नट केसभर आवळ," ते म्हणाले. "केसभरच." गिऱ्हाइकाला वाटले आपल्याला सांगतात, त्याने कानावरची काडी चाचपली.

थरथर थांबली. तिने घासलेली काच दुपारी मामांच्या हातात आली, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरली. कड त्यांनी ठेवली असती त्यापेक्षा किंचित जाड होती. फ्रेममध्ये बसल्यावर ते दिसणार नव्हते. त्यांनी काच पुसली, फ्रेममध्ये बसवली आणि गिऱ्हाइकाला दिली. गिऱ्हाईक आरशात बघून खूश झाले.

महिनाअखेरीला शटर ओढताना भाचीने आपणहून सांगितले, की चौकातल्या दुकानाने बोलावले होते आणि तिने सध्या नाही म्हणून कळवले आहे.

मामांना हे ठाऊक असल्याचे दाखवायचे नव्हते, म्हणून त्यांनी आधी आश्चर्य दाखवले. ते त्यांना नीट जमले नाही. मग म्हणाले, "सध्या म्हणजे?"

"सध्या म्हणजे सध्या," ती म्हणाली. "विचारलंत तेवढं सांगितलं."

दिवा राहिला होता. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आले आणि ती परत आत गेली.

वसाहतीत पुढे दाजींचे वर्ष झाले, मग आक्कांचे. आक्कांनी मामांच्या चिणलेल्या खोलीला दार काढून तिथे दारूचे पिंप मांडले आणि कालव्यात मासे सोडले. मग मामांची गेलेली पाळी आली, ती नियमाप्रमाणे पुढच्याकडे, म्हणजे भाचीकडे गेली. तिने पहिल्याच महिन्यात काचेची भट्टी बांधली. कालव्यापासून लांब, कोरड्या बाजूला. जागा चुकीची होती. वाळू आणायला माणसांना डोंगराला वळसा पडणार होता, हे मामांना पहिल्या नजरेतच दिसले. ते हात मांड्यांखाली घालून बसले. वळसा घालून माणसे आली, वाळू आली, आणि पहिली काच झाली तेव्हा भाचीने मान वळवली.

"मामा, पुढची कुठल्या रंगाची करू?"

"हिरवी," मामा म्हणाले, आणि तेवढ्यावरच थांबले.